पालथं भांडं

पाव खारट निघाला होता, आणि तोही दुसऱ्यांदा. हॉस्पिटलच्या कॅन्टीनची बाई स्वतः क्रेट परत घेऊन आली. तिने तो काउंटरवर आदळला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तिने तो हळूच ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडे निम्म्या लोकांना ब्लडप्रेशर आहे. हे खाऊन मला पण होईल." थोरलीने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. गिऱ्हाईकासमोर थुंकायची सोय नव्हती, म्हणून तिने तो मुकाट्याने गिळला आणि संध्याकाळपर्यंत नवा माल पाठवते असं कबूल केलं.

हे कुणी केलं, याचा तपास तिला करायचाच नव्हता. करणारा वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत बसून भर सकाळी घोरत होता.

बेकरी तिच्या बाबांनी उभी केलेली. खाली भट्टी, वर घर, मध्ये एक अरुंद जिना. पाव बनवायची त्यांची पद्धतही त्यांचीच. पीठ, पाणी आणि खमीर मशीनमध्ये आधी मळायचं, मग ते थोडं मुरू द्यायचं आणि मीठ शेवटी घालायचं. या मुरण्याच्या वेळात माणूस इतर दहा कामं काढतो, आणि परत आल्यावर मीठ घातलं की नाही हे पिठाकडे बघून काही कळत नाही. म्हणून बाबांनी नियम केला होता, मीठ घातलं की मिठाचं पितळी भांडं मशीनशेजारच्या फळीवर पालथं घालायचं. भांडं उताणं असेल तर मीठ बाकी आहे, पालथं असेल तर हात लावायचा नाही. चाखून बघणं हे त्यांच्या मते शिकाऊ माणसाचं काम होतं.

दुसरा नियम याहून कडक होता. मीठ घरच्याच माणसाने घालायचं. फार पूर्वी एका कारागिराने आख्खा घाणा खारट करून ठेवला होता, तेव्हापासून बाबांनी ते काम कुणाच्या हाती दिलं नाही. लंबू त्यांच्याकडे उंडे वळायला आला तेव्हा त्याच्या ओठावर मिसरूड नव्हतं. आता त्याला नातू झाला होता, भट्टीचं सगळं काम तो डोळे मिटून करायचा, पण मिठाच्या भांड्याला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं. बाबांनंतर मीठ थोरलीकडे आलं. त्यामुळे पहाटेच्या घाण्याला तिने उठायचं म्हणजे उठायचंच, अंगात ताप असो की डोळ्यांत झोप असो.

आणि झोपेचं नाव काढलं तर थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बाबांनी उभा जन्म जग कूस बदलतं त्या वेळी उठून काढला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं, पण त्यांच्या शरीराला ते कुणी कळवलंच नाही. ते रात्री उठायचे, कपडे करायचे, जिना उतरायचे आणि करण्यासारखं काही नसलं की आवराआवर करायचे. झाडू जागेवर लाव, फडकी धू, भांडी सरळ करून ठेव. दिवसा मग जिथे बसतील तिथे पेंगायचे. हळूहळू झोपेबरोबर बाकीचंही सुटायला लागलं. चष्मा पावाच्या साच्यात सापडला. एक दिवस ते पाव पोचवायला म्हणून बाहेर पडले आणि बंद पडून जमाना झालेल्या एका दुकानाच्या शटरसमोर टोपली घेऊन उभे राहिले. तेच तेच विचारणं तर इतकं वाढलं की थोरलीने उत्तरं छोटी छोटी करत आणली होती.

तिने त्यांना स्मृतीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण ऐकून घेणारी होती. तिने सांगितलं की म्हातारपणी गाढ झोप तशीही विरळ होते. त्या झोपेत मेंदू आपली साफसफाई करतो, दिवसभराचं नीट लावून ठेवतो. ती रोजच मोडत राहिली तर आठवणीला धक्का बसू शकतो. आणि विसरण्याचा आजार जडला की तो उलटा झोप मोडतो. थोरलीने विचारलं, मग यांचं आधी काय बिघडलं? डॉक्टरीण म्हणाली, ते आम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, दोन्ही एकमेकांना ओढत नेतात.

थोरलीला गोळी हवी होती. झोपेच्या गोळीने अशी माणसं आणखी गोंधळतात, पडतात, म्हणून डॉक्टरिणीने ती दिली नाही. सकाळचं ऊन, चालणं, दुपारी फार झोपू न देणं, संध्याकाळी चहा बंद, एवढ्या साध्या गोष्टींसाठी आपण बेकरी बंद ठेवून आलो, म्हणून थोरली मनातल्या मनात धुमसत उठली. ती दारापर्यंत गेली तेव्हा डॉक्टरिणीने मागून विचारलं, "आणि तुम्ही किती झोपता?"

"मी? मला काय धाड भरलीय," थोरली म्हणाली आणि बाबांचा हात धरून बाहेर पडली.

त्यानंतर तिने ते सगळं इमानेइतबारे केलं. बाबांना उन्हात नेलं, तर ते बाकावर झोपले. दुपारी जागं ठेवायला त्यांच्यापुढे शेंगा सोलायला ठेवल्या, तर हातात शेंग तशीच धरून झोपले. रात्री मात्र टक्क जागे. मग तिने त्यांच्या दाराला घंटी बांधली आणि स्वतःचं अंथरूण जिन्याच्या तोंडाशी आणून टाकलं. घंटी वाजली की ती उठायची. "वेळ झाली, भट्टी पेटव," बाबा म्हणायचे. अजून वेळ आहे बाबा, असं सांगून ती त्यांना निजवायची, आणि डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा घंटी. शेवटच्या घंटीला खरोखरच तिची उठायची वेळ झालेली असायची. कधी ती पार मेल्यासारखी पडायची, आणि उठून बघते तर बाबा तिच्या अंथरुणावरून पाय टाकून खाली उतरून आवराआवर करत असायचे.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. शेजारीण म्हणायची दूध गरम करून पाज. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो वाचून सांगायचा. झोप किती महत्त्वाची असते यावरचे व्हिडिओ तो तिला मध्यरात्री पाठवायचा, आणि त्या आवाजाने ती दचकून उठायची. या माणसाच्या डोक्यात काय भरलंय, असं तिला कैकदा विचारावंसं वाटलं होतं.

तर त्या दिवशी, क्रेट परत आल्यावर, ती तरातरा जिना चढून वर गेली. तिच्या लेखी सगळं सरळ होतं. ती मीठ घालून भांडं पालथं घालते, बाबा येऊन एक तर ते सरळ करून ठेवतात नाही तर स्वतःच पुन्हा मीठ ओततात. तिने त्यांना खांद्याला धरून हलवलं.

"बाबा, तुम्ही पुन्हा मीठ घातलंत."

बाबा जागे झाले. प्रश्न कळायला त्यांना वेळ लागला. "मी नाही घातलं," ते म्हणाले.

"मग कुणी घातलं? भुताने? दुसऱ्यांदा माल परत आलाय. हॉस्पिटल गेलं हातचं तर भट्टी कशावर चालवू मी? खाली यायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला. माझ्या डोक्यावर मिरे वाटायचेच ठरवलंय का तुम्ही?"

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं, तळवे उलटेसुलटे केले, जणू त्यांना मीठ लागलेलं दिसेल. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर थोरली आणखी बोलली असती. पण तो आला नाही.

"घातलं असेल बाई," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर घातलं असेल."

त्यांनी कबूल केलं, म्हणजे विषय संपला. थोरली खाली आली. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं, पण हे तपासत बसायला तिला वेळ नव्हता. तिने धाकट्याला फोन लावला आणि म्हणाली, माझ्याच्याने आता होत नाही.

धाकटा याचीच वाट बघत असावा, कारण त्याने जागा शोधूनच ठेवली होती. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था, स्वच्छ खोल्या, चोवीस तास माणसं, आणि आतून न उघडणारी दारं. आठवडाभर बाबा आपल्याकडे राहतील, मग तिथे भरती करू, असं त्याने ठरवलं. तो गाडी घेऊन आला. बाबांची पिशवी थोरलीने भरली. गाडीत बसताना त्यांनी धाकट्याला विचारलं, "तिथे भट्टी आहे का?"

"नाही, बाबा."

"मग सकाळ झाली ते कळणार कसं?"

धाकटा हसून म्हणाला, घड्याळ असतं ना. बाबांनी मान डोलावली, पण ती समजल्याची नव्हती. थोरली भट्टीत काहीतरी करपतंय असं म्हणून आत निघून गेली. भट्टीत त्या वेळी काहीच नव्हतं.

आता तरी झोप येईल असं तिला वाटलं होतं. अंथरूण तिने पुन्हा खोलीत नेलं. पण घंटीची सवय कानांत मुरली होती. घंटी वाजली नाही म्हणूनही ती उठायची, बाबांच्या रिकाम्या खोलीत डोकावायची, आणि मग पहाटेची वाट बघत पडून राहायची. दिवसा तिला सगळं काचेपलीकडून ऐकू यायचं. लंबूने काही विचारलं की ती हो म्हणायची आणि त्याने काय विचारलं ते आठवायची. बाबा गेले, घर शांत झालं, आणि तिचा संताप मात्र जागच्या जागी होता. आता तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

दुपारी संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी बनचा एक छोटा घाणा असायचा. त्या दुपारी लंबू मागच्या बाजूला साचे धूत होता. थोरली एकटीच मशीनपाशी होती. मुरलेल्या पिठात तिने मीठ घातलं, मशीन फिरवलं, आणि भांडं पालथं घालायला फळीकडे वळली.

फळीवर खिडकीतून ऊन पडलं होतं. घाणा लावताना तिने फळी पुसून भांडं उताणं ठेवलं होतं, तरी लाकडावर पिठाची बारीक भुकटी बसली होती, भट्टीत ती सगळ्या वस्तूंवर बसते. आणि त्या भुकटीत मधोमध एक स्वच्छ गोल होता, बरोब्बर भांड्याच्या तोंडाएवढा.

म्हणजे भांडं तिथे पालथं होतं. आत्ता, थोड्याच वेळापूर्वीपर्यंत. मीठ घालून ते कुणीतरी पालथं घातलं होतं, आणि त्यानंतर कुणीतरी ते उचलून पुन्हा भरलं होतं. भट्टीत दुसरं माणूस नव्हतं. मिठाला हात लावणारं तर दुसरं कुणीच नव्हतं.

तिने मशीन बंद केलं. पिठाचा एक तुकडा तोडून जिभेवर ठेवला, शिकाऊ माणसासारखा. जीभ चुरचुरली. ती तिथेच उलट्या डब्यावर बसली आणि आठवायचा प्रयत्न करू लागली. पहिल्यांदा मीठ घातलेलं तिला आठवत नव्हतं. भांडं उचललेलंही आठवत नव्हतं. मेंदूत जिथे ते असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं, धुतलेल्या परातीसारखं लख्ख. तिला पहिल्यांदा कळलं की बाबांना आतून कसं वाटत असेल, आणि आपण त्यांना खांद्याला धरून काय विचारत होतो.

मग तिला आपल्याच मूर्खपणाचा असा संताप आला की तिने भांडं भिंतीवर फेकलं. आवाज ऐकून लंबू धावत आला. तिने त्याला काय झालं ते सांगितलं. लंबू खाली बघत म्हणाला की मागच्या वेळीही त्याने तिला दोनदा भांड्यापाशी पाहिलं होतं, पण मिठाच्या बाबतीत आपण काय बोलणार, म्हणून तो गप्प बसला.

"बोलायचं होतंस ना," ती म्हणाली.

"बाबांचा नियम होता, ताई."

त्याचं बरोबर होतं. फुकट घालवायचं नाही म्हणून दोघांनी तेवढंच पीठ अळणी मळून त्यात मिसळलं आणि घाणा सावरला. संस्थेत भरती दुसऱ्या दिवशी सकाळी होती. माल पोचवायच्या टेम्पोतून लंबूने तिला धाकट्याच्या घरी नेलं. गाडी हलली तशी ती झोपली, आणि पोचल्यावर लंबूने हाक मारली तेव्हा तिच्या हनुवटीवर लाळ आली होती.

बाबा धाकट्याच्या दिवाणखान्यात बूट घालून बसले होते. सकाळपासून काढू देत नाहीत, असं धाकट्याच्या बायकोने सांगितलं. धाकट्याने थोरलीला स्वयंपाकघरात नेलं आणि ऐकून घेतलं.

"ठीक आहे, मीठ तू घातलंस," तो म्हणाला. "पण ताई, त्याने काय बदललं? त्यांना काल बाथरूम सापडलं नाही. मला त्यांनी दोनदा विचारलं, तू कुणाचा. ते विसरतात हे काही तुझ्या मिठावर अवलंबून नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबा विसरत होतेच, पुढे आणखी विसरणार होते, आणि तिच्या एका रात्रीच्या झोपेने ते थांबणार नव्हतं.

"मी त्यांना चोर ठरवून बाहेर काढलं," ती म्हणाली. "एवढं मला परत घ्यायचंय. पुढचं पुढे बघू. आणि महिन्यातले काही दिवस तू येऊन त्यांच्या खोलीबाहेर झोपायचं. व्हिडिओ पाठवायचे नाहीत."

धाकट्याने सिंकमधला कप विसळून ठेवला आणि येईन म्हणाला.

परतताना बाबा टेम्पोत दोघांच्या मध्ये बसले होते. थोरलीने वाटभर शब्द जुळवले. शेवटी एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने ते सांगून टाकलं. "बाबा, मीठ मी घातलं होतं. दोनदा. मीच विसरले. तुमचं काही चुकलं नव्हतं."

बाबांनी नम्रपणे विचारलं, "कुठलं मीठ?"

खारट पाव, परत आलेला क्रेट, तिचं ते बोलणं, त्यांचं ते कबूल करणं, यातलं काहीही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. माफी घ्यायला माणूस समोर होता आणि नव्हताही. लंबूने कारण नसताना हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी तिने पोचे आलेलं पितळी भांडं लंबूच्या हातात दिलं. पहाटेचा घाणा यापुढे तुझा, मिठासकट, असं सांगितलं. लंबूने हात आधीच धुतले होते, ते त्याने पुन्हा धुतले. घंटी तिने काढून टाकली. बाबा रात्री उठले तर खाली लंबू असतोच, भट्टी पेटलेली असते, बसायला डबा असतो. काही दिवस धाकटा येतो आणि कुरकुरत का होईना, जिन्याच्या तोंडाशी झोपतो. थोरली पहाटेच्या साखरझोपेत असते. इतक्या वर्षांत तिला ती ठाऊकच नव्हती.

पण यातून सुटका अशी नाही. ती सकाळी खाली आली की बाबा डब्यावरून उठून उभे राहतात. "लंबूने मीठ घातलं," ते तक्रार करतात. "घरचा नियम मोडला." रोज नव्याने मोडलेला असतो. मग ती रोज सांगते की बाबा, मी झोपेअभावी दोनदा मीठ घातलं होतं, माल परत आला होता, म्हणून त्याला दिलं. ते रोज विचारतात, "केव्हा?" कधी ते तिला हसतात, की एवढी मोठी कारागीर आणि घाणा खारट. कधी दुपारपर्यंत अबोला धरतात. एकच चूक रोज उठून कबूल करायची म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच कळेल. काही सकाळी तिच्या जिवावर येतं, दात ओठ खात ती एका दमात सगळं सांगून टाकते.

परवाही तिने तसंच सांगितलं. लंबू भट्टीतून पाव काढत होता, भट्टीभर वास भरला होता, आणि बाबा त्या दिवशी जरा ताजेतवाने दिसत होते. रात्री बरे झोपले होते, असं लंबू म्हणाला. ती पुढच्या "केव्हा"ची वाट बघत उभी राहिली.

बाबांनी "केव्हा" असं विचारलं नाही. त्यांनी आपले तळवे उलटे करून पाहिले, मग सुलटे केले.

"मग मला का बोललीस?" ते म्हणाले.

इतके दिवस थोरली याच एका आठवणीची वाट बघत होती. ती त्यांच्याशेजारी डब्यावर बसली, आणि लंबू पाव मोजायचा सोडून मागच्या दाराने बाहेर गेला.